अवधूतांचा पहिला गुरू आणि माझं वावर

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



अवधूतांचे चोवीस गुरू आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असतात. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत, अजगर अशी ती यादी सुरू होते. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा एका तरुण अवधूताला विचारतो, की बाबा रे, तुझ्याजवळ काही नाही, तू काही मिळवायला धावत नाहीस, तरी तू एवढा आनंदात कसा? त्यावर अवधूत आपल्या चोवीस गुरूंची नावं सांगतात. हा संवाद श्रीकृष्णांनी उद्धवाला सांगितला आणि नाथमहाराजांनी तो मराठीत घरोघरी पोचवला. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे आणि दत्तोपासक. त्यामुळे ही यादी आपल्या दत्तपरिवाराला घरच्या वंशावळीसारखी वाटते.

मी लहान होतो तेव्हा कामठीत दत्तसप्ताहाला प्रवचनाला जाऊन बसायचो. बुवा पिंगलेवर एक संपूर्ण संध्याकाळ घेत. कपोत पक्ष्याच्या संसारावर बोलताना बायका डोळ्याला पदर लावत. पृथ्वी मात्र दोन मिनिटांत आटपायची. "पृथ्वी सगळं सोसते, आपणही सोसावं," एवढं म्हटलं की पुढचा गुरू. पुढे मी स्वतः दोन-चार ठिकाणी चार शब्द बोलायला लागलो तेव्हा मीही तसंच केलं. कॉमर्स शिकलेला माणूस मी, बँकेत चौतीस वर्षं कारकुनी केली. पहिली नोंद घाईत करून पुढे गेलं की शेवटी ताळा जमत नाही, हे मला तरी कळायला हवं होतं.

यंदा संपादकांनी लेख मागितला तेव्हा दोन मिनिटांत संपवलेल्या त्या गुरूवरच लिहायचं ठरवलं. एक कारण तिथीचं. यंदा दत्तजयंती गुरुवारी, 4 डिसेंबर 2025 ला येते आहे, आणि दुसऱ्याच दिवशी 5 डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक मृदा दिन आहे. म्हणजे एक दिवस गुरूंचा आणि लगेच पुढचा त्यांच्या गुरूचा. दुसरं कारण असं, की या पहिल्या गुरूचा मी अपराधी आहे. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

आमचं वडिलोपार्जित वावर कामठीहून मौद्याकडे जाताना लागतं. माझ्या वाट्याला दोन एकर आलं. नोकरीमुळे मला करणं शक्य नव्हतं, म्हणून बटईनं दिलेलं. करणारे गृहस्थ वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे. पराटी, तूर, थोडा गहू असं ते काढायचे आणि माझा वाटा दिवाळीनंतर घरी आणून द्यायचे. पोत्यासोबत एक गाठोडं असायचं, त्यात ओल्या तुरीच्या शेंगा.

सन 2006 मध्ये मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी भरायची होती. कर्ज मिळालं असतं, मी स्वतः बँकेत होतो. पण दुसऱ्यांच्या हप्त्यांच्या नोंदी करण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला स्वतःचा हप्ता जिवावर येतो. त्याच सुमारास एक वीटभट्टीवाला आला. म्हणाला, वावर तुमचंच राहते, सातबारा तुमचाच राहते, मी फक्त वरची फूटभर माती नेतो. रोख पैसे. मी मनात हिशेब केला, बिनव्याजी पैसा, परतफेड नाही, तारण सुटलेलं. इतकं सोपं प्रकरण मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

मामांना कळलं तेव्हा ते सायकलनं कामठीला आले. पायरीवरच बसले, आत आले नाहीत.

"साहेब, वरची माती नका देऊ जी."

"मामा, खाली काय कमी माती आहे? विहीर खणली तेव्हा पाहिलं नाही का, वीस हात मातीच होती."

"ते खालची माती नुसती धरते जी. पिकवते ते वरची. वरची गेली का वावर कागदावर राहीन, वावरात नाही राहणार."

मी हसलो. मामा शाळेत गेलेले नव्हते आणि माझ्याकडे पदवी होती. चहा घेऊन ते परत गेले.

वीस-बावीस दिवस जेसीबी आणि ट्रॅक्टर चालले. त्या वीस-बावीस दिवसांतही सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवण्याआधी पृथ्वीची क्षमा मागणारा श्लोक मी रोज म्हणत होतो. पायाचा स्पर्श होतो म्हणून क्षमा! आणि तिकडे ट्रॉल्या भरत होत्या.

त्या वेळी न केलेला हिशेब मी नंतर केला, तो इथे मांडतो. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. त्यावर एक फूट खोल म्हणजे तेवढेच घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे एकरी 435 ब्रास आणि दोन एकरांचे जवळपास 870. या मातीच्या नेहमीच्या मापाच्या विटा पाडल्या तर एकरी सहा-सात लाख तरी होतील. हा झाला जावक खात्याचा आकडा. आवक खात्याचा आकडा पाहिला तेव्हा मात्र मला घाम फुटला. जमिनीचे शास्त्रज्ञ सांगतात की दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला एक हजार वर्षंसुद्धा लागू शकतात. श्रीनृसिंह सरस्वती कारंज्याला जन्माला आले त्याला साधारण साडेसहाशे वर्षं होत आली. म्हणजे स्वामींच्या जन्मापासून आजवर, सगळं सुरळीत गेलं असलं तरी, आपल्या पायाखाली जेमतेम बोटाच्या एका पेराएवढी माती नवी झाली. मी बारा इंच दिली. तीही तीन आठवड्यांत.

आता, माती म्हणजे दगडाचा भुगा नव्हे, हे नीट समजून घेऊ. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्याचा काळा दगड ऊन-पाणी खाऊन कुजत गेला आणि आपली काळी जमीन झाली. पण नुसता दगड कुजून माती होत नाही. त्यात पाला पडतो, शेण पडतं, किडा-मुंगी मरून पडते आणि त्या सगळ्याला खाणारे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. चिमूटभर मातीत हे जीव कोट्यवधींच्या संख्येनं असतात. चांगली माती घेतली तर त्यात साधारण निम्मे दगडाचे कण, पाव भाग पाणी आणि पाव भाग हवा असते. जिवाचं म्हणावं असं जे सेंद्रिय द्रव्य, ते फार तर पाच टक्के. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का भरला तरी बरं म्हणायचं. पण तो अर्धा टक्का असतो कुठे? बहुतेक सगळा वरच्या फूटभरात. मामा म्हणाले होते ते हेच.

तुरीचं झाड कधी मुळासकट उपटून पाहा. मुळांना बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. युरियाचं पोतं जे काम करतं ते हे बिनपगारी करतात. गांडूळ पालापाचोळा ओढून खाली नेतो, खालची माती वर आणतो, मुळांना आणि पाण्याला वाट करून देतो. चार्ल्स डार्विन या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञानं मरणाच्या आदल्या वर्षी, 1881 मध्ये, शेवटचं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर. एवढा मोठा माणूस, सगळ्या जीवसृष्टीचा विचार केलेला, शेवटी गांडुळाजवळ येऊन बसला. मला तर यात अवधूतांचीच जात दिसते.

पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला वेडं करतो, तोही मातीतल्या जिवाणूंचा. त्याच कुळातल्या एका जिवाणूपासून 1943 मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन निघालं. क्षयरोगावर चाललेलं ते पहिलं औषध. आमच्या आधीच्या पिढीत घराघरांतून एखादं तरी माणूस क्षयानं गेलेलं असायचं, त्यांना या औषधाचं मोल विचारा. ज्या धुळीला आपण पाय झटकतो तिच्यातून ते आलं.

शिवाय पाणी. भुसभुशीत माती पाऊस पिऊन घेते, विहिरीला देते आणि उरलेलं नदीला हळूहळू सोडते. काळी जमीन तर उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत जाते आणि पावसात फुगून पुन्हा वर येते. स्वतःच स्वतःला वखरते म्हणा ना. कन्हान, पेंच आणि कोलार या तीन नद्या बिना संगमावर भेटतात. त्या तिन्हींच्या काठच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी किती राहील, याचा निम्मा निकाल आजूबाजूच्या वावरांतली माती जूनमध्येच लावून टाकते.

तर अवधूत ज्या पृथ्वीला गुरू म्हणतात ती कोणती? पृथ्वीचा गोळा हजारो मैल खोल आहे, त्याच्या पोटात काय चाललंय त्याच्याशी आपला रोजचा संबंध नाही. आपल्याला सोसते ती, घाण पोटात घेऊन अन्न परत देते ती, म्हणजे हा वरचा पापुद्रा. बुवा म्हणायचे, पृथ्वी सोसते. मी त्यात भर घालतो, की ती सोसून गप्प बसत नाही. तुम्ही टाकलेल्या उकिरड्याचं ती गहू करते. अपमान करणाऱ्याला पोटभर जेवू घालणं, अशी ती क्षमा आहे. नुसतं दात-ओठ आवळून सोसणारे पुष्कळ असतात, मीही ऑफिसात तेच केलं, त्याला क्षमा म्हणत नाहीत.

आणि एक गोष्ट आपण सोयीनं विसरतो. पृथ्वीकडून सोसणं शिकायचं ते आपण. तिची सोसण्याची हद्द कुठे आहे ते आपण तपासून पाहावं, असं अवधूतांनी कुठेही म्हटलेलं नाही. उलट भागवतात पृथ्वीसोबत डोंगर आणि झाड ही तिचीच रूपं म्हणून येतात, आणि त्यांच्याकडून दुसऱ्यासाठी जगणं शिकावं असं सांगितलंय. दत्तगुरूंच्या तसबिरीत मागे गाय असते. ती पृथ्वीचं रूप, असं आपण मुलांना सांगतो. गाईचं दूध काढतात. कातडं काढलं तर दुसऱ्या दिवशी दूध मिळत नाही.

माझ्या वावराचं तेच झालं. पुढच्या पावसाळ्यात मामांनी नेहमीसारखी पेरणी केली. खालून वर आलेली जमीन पिवळट, चुनखडीच्या खड्यांची. पाऊस पडला की वर पापडी धरायची, उघडीप पडली की विटेसारखी कडक. सोयाबीन वीतभर वाढलं आणि पिवळं पडलं. तूर उभी राहिली पण शेंगांत दाणा नाही. मामांनी वाटा आणला तो एका पिशवीत मावला. गाठोडं नव्हतं. काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी दत्तसप्ताहात पारायणाला बसलो होतो. सातव्या दिवशी सत्तेचाळिसावा अध्याय आला. पर्वतेश्वर शेतकऱ्याची कथा, आपण सगळ्यांनी वाचलेली. गाणगापूरला संगमाच्या वाटेवर त्याचं शेत. स्वामी येता-जाता तो दंडवत घालायचा. एके दिवशी स्वामींनी विचारलं, तुझी काय इच्छा? तो म्हणाला, शेताकडे एकदा कृपादृष्टीनं पाहा. स्वामी म्हणाले, आम्ही संगमाहून परत यायच्या आत हे उभं पीक कापून टाक. जोंधळा अजून तयार नव्हता. बायको-मुलं रडली, गावकऱ्यांनी वेड्यात काढलं, जमिनीच्या अधिकाऱ्याला त्यानं गेल्या सालाच्या दुप्पट धान्य देण्याचं कबूल केलं, आणि सगळं शेत कापलं. पुढे थंड वारा सुटला, गावाची पिकं गेली, अवकाळी पाऊस झाला, आणि याच्या धसकटांना एकेका काडीला अकरा-अकरा फुटवे आले. धान्य ठेवायला जागा पुरेना.

हा अध्याय मी तोवर वीसेक वेळा तरी वाचला असेन. दर वेळी डोळ्यांपुढे स्वामींचा शब्द आणि पर्वतेश्वराची निष्ठा असायची, आणि ते बरोबरच आहे. पण त्या दिवशी धसकटांपाशी अडलो. स्वामींनी वरचं कापायला सांगितलं. मुळं जमिनीत होती. जमीन जागेवर होती. ज्यांचा शब्द खोटा होणं शक्य नाही, त्यांनीही कृपा करताना माती आणि मुळं यांना हात लावायला सांगितलं नाही. कापलेल्या जोंधळ्याला पुन्हा फुटवे येतात हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे, त्याला खोडवा म्हणतात. मी चमत्काराचं स्पष्टीकरण करायला बसलेलो नाही. अकरा फुटवे ही स्वामींची कृपा. पण कृपा उतरली ती मातीत रुतलेल्या मुळांवर, हेही त्याच पोथीत आहे. पर्वतेश्वरानं वरचं सगळं दिलं आणि खालचं राखलं. मी वरचं पीक घरी आणलं आणि खालचं विकलं. पोथी मिटून तसाच बसून राहिलो. घरच्यांना वाटलं उपासानं चक्कर आली.

यावर उपाय काय, हे मी पंडितांना विचारलं नाही, मामांकडे गेलो. ते म्हणाले, "माती इकत भेटत नाही साहेब. पण पोटात टाकत राहिलं का होते." मग त्यांच्याच सांगण्यावरून सुरू झालं. उन्हाळ्यात जुन्या तलावातला गाळ आणून टाकला. आपल्या पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, त्यांचा गाळ म्हणजे वरच्या शेतांमधून वाहून आलेलीच माती. पुढे 2017 मध्ये राज्य सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली तेव्हा मला गंमत वाटली, आमच्या मामांची योजना त्याआधीची. शेणखत टाकलं. पावसाळ्यात बोरू आणि धैंचा पेरून फुलावर यायच्या आत जमिनीत गाडला. दोन वर्षं त्या वावरातून एक दाणा घरी आणला नाही. धुऱ्यावरचा पालापाचोळा जाळायचा नाही, ही मामांची सक्त ताकीद. त्या काळात माझी फिरतीची नोकरी होती, रविवार तेवढा मिळायचा. रविवारी पाटी उचलणाऱ्या कारकुनाला पाहून गावची पोरं हसायची. "काहून जी साहेब, बँक बुडाली काय?" असंही एकानं विचारलं. मी म्हटलं, बँक नाही रे, मीच बुडवली.

केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका 2015 मध्ये सुरू झाली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह असे बारा रकाने असतात. सामू आणि सेंद्रिय कर्बही त्यात येतात. माझं पहिलं पत्रक आलं तेव्हा कर्बापुढे ‘अत्यंत कमी’ असा शेरा होता. नऊ वर्षं गाळ आणि शेण टाकूनसुद्धा! मी निराश झालो. मामा म्हणाले, आधी किती होतं ते लिहिलं आहे का त्या कागदावर? नव्हतं. "मंग कमी कायच्याहून?" त्यांना म्हणायचं होतं, की शून्यापासून इथवर आलोय हे कागदाला काय ठाऊक.

या प्रायश्चित्ताच्या काळात मला मातीबद्दल वाचायचा नाद लागला. भूगर्भशास्त्रात ‘कामठी’ नावाचा खडकांचा थरच आहे, आपल्या गावावरून नाव पडलेला. त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या पानांचे ठसे सापडतात. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकात या भागातले असे ठसे गोळा केले होते. त्या काळातली रानं जमिनीत गाडली जाऊन आपल्या भागातला दगडी कोळसा झाला. तो कोळसा आज कोराडी-खापरखेड्याला जळतो आणि त्याची राख डोंगरासारखी साठते. जुलै 2022 च्या मुसळधार पावसात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती राख वावरांमधून वाहत कोलार आणि कन्हानपर्यंत गेली, ते चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. जिथे राख बसते तिथे पीक बसत नाही.

पण त्याच राखेच्या विटा होतात, हेही मला उशिराच कळलं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं 14 सप्टेंबर 1999 ला एक अधिसूचना काढली होती. औष्णिक वीज केंद्राच्या 50 किलोमीटरच्या आत विटा करणाऱ्यांनी मातीत किमान पाव हिस्सा राख मिसळावी, असं त्यात होतं. पुढे ती हद्द 100 किलोमीटर केली. हेतू स्पष्ट लिहिला होता, की वरच्या थरातली माती वाचावी. म्हणजे माझा व्यवहार झाला तेव्हा सात वर्षं आधीपासून सरकार दरबारी कोणाला तरी मामांसारखंच वाटत होतं. मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. गेल्या वर्षी घराच्या मागे एक खोली काढली ती राखेच्या विटांची. गवंडी कुरकुरला, पण भिंत सरळ आली.

दत्तभक्तांपैकी ज्यांची शेती आहे त्यांच्याकडेही असे ट्रॉलीवाले येतात, मला माहीत आहे. आजही येतात. ले-आउट पाडणारे येतात, मुरूमवाले येतात. ज्यांच्याकडे शेती नाही त्यांच्या घरी निर्माल्य असतं. सप्ताहातली फुलं, बेल, उदबत्तीच्या काड्या, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कन्हानच्या पुलावरून खाली टाकणारी मंडळी आपल्यातलीच आहेत, दुसऱ्या कोणावर ढकलू नका. आमच्या मंदिरात चार वर्षांपासून औदुंबराजवळ खड्डा केला आहे. फुलं आणि पानं त्यात, वर थोडं शेण. पहिल्या वर्षी दोन ज्येष्ठ मंडळींनी आक्षेप घेतला, की देवाचं निर्माल्य खड्ड्यात कसं? मी एवढंच विचारलं, की पहिल्या गुरूच्या पोटात नाही तर कुठे? उत्तर आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरचं निर्माल्य आलं. पिशवी मात्र प्लास्टिकचीच होती. असो.

मामा तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारात भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पीक नाही विचारलं, "गांडोळं दिसतात का?" एवढं विचारलं. मी हो म्हटलं. पावसाळ्यात धुऱ्याजवळ खरंच दिसायला लागली होती. आता त्यांचा मुलगा वावर करतो. दोन वर्षांपूर्वी पुन्हा माती तपासली. सेंद्रिय कर्बापुढे शेरा आला, ‘कमी’. ‘अत्यंत’ हा शब्द गेला. बँकेत कोणाच्या खात्यावर असा शेरा पडला असता तर मी पेढे वाटले नसते. त्या गुरुवारी आरतीनंतर वाटले. कशाचे ते लोकांनी विचारलं, मी म्हटलं मामांचे.

यंदा तूर बरी आहे. पोरानं परवा शेंगांचं गाठोडं आणून दिलं, बापासारखंच बांधलेलं. धुऱ्यावर एक औदुंबर लावलाय, तो कमरेएवढा झाला. दत्तजयंतीला पहाटे पूजा आटपून मी तिथे जातो, जन्मकाळाच्या आत परत येतो. शेजाऱ्यांची वावरं दोन्ही बाजूंनी वर आहेत, माझं खाली. इतकी वर्षं गाळ टाकूनही पावसाळ्यात आमच्याच कोपऱ्यात पाणी साचतं, आणि आत जायचं तर धुऱ्यावरून आजही एक पायरी उतरावी लागते.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त.